ट्रेनिंग द्यायचंय, पण कुठल्या पद्धतीनं? कारखाना आणि ऑफिस चालवणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी संपता संपता भोसरीतून एक फोन ठरलेला असतो. "सर, आमच्या पोरांसाठी एक दिवसाचं काहीतरी ठेवा ना." कशाचं ठेवू, असं विचारलं की पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "काहीही चालेल हो. मोटिव्हेशन म्हणा, कम्युनिकेशन म्हणा. ट्रेनिंग कॅलेंडरचे दोन रकाने मोकळे राहिलेत आणि ऑडिट तोंडावर आलंय."

मला त्याचा राग येत नाही, कारण असे रकाने मीही भरलेत. एका कंपनीत ट्रेनिंगचं काम बघायचो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी आणि सकाळपाळीचं रोज वाजायचं, सकाळच्या पहिल्या तासात रिजेक्शन व्हायचं. सुपरवायझर मंडळींचं कम्युनिकेशन कच्चं आहे असं मीटिंगमध्ये ठरलं. मी अठरा जणांना दोन दिवस हॉटेलात नेलं. ट्रेनर चांगले होते, खेळ झाले, फुगे फुटले, जेवणात गुलाबजाम होते. फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. भांडणं मात्र होती तिथंच. महिन्याभरानं एकदा सकाळी साडेसहाला लाईनवर जाऊन उभा राहिलो तेव्हा कळलं, की रात्रीचा सुपरवायझर ६.४० च्या बसनं निघतो आणि सकाळचा सातला येतो. दोघांची गाठच पडत नव्हती, तर कम्युनिकेशन करणार कोणाशी? बस वीस-पंचवीस मिनिटं पुढे ढकलली, लाईनच्या खांबाला दोरीनं एक शंभर पानी वही बांधली. रिजेक्शन खाली आलं. हॉटेलचं बिल मात्र भरून झालं होतं.

ट्रेनर, हॉल, पीपीटी आणि जेवणाचा मेनू हे सगळं सर्वात शेवटी ठरवायचं असतं. आपल्याकडे ते आधी ठरतं.

पायरी १ : दुखणं ट्रेनिंगचं आहे का ते बघा

एकच प्रश्न विचारा. माणसाला शांतपणे वेळ दिला, हवं ते साहित्य हाताशी दिलं आणि साहेब शेजारी उभे राहिले, तर ते काम त्याला बरोबर जमतं का? जमत असेल तर त्याला ते येतंय. मग अडचण दुसरीकडे आहे आणि ट्रेनिंगनं ती जाणार नाही.

दुसरीकडे म्हणजे कुठे? बहुतेक वेळा अगदी साध्या ठिकाणी. गेज क्वालिटीच्या कपाटात कुलपात असतो, दर पाचव्या जॉबला (म्हणजे मशीनवर बनणाऱ्या तुकड्याला) तिथवर चालत जायचं म्हणून ऑपरेटर दहाव्याला जातो. इन्सेंटिव्ह नगावर मिळतो आणि भाषण क्वालिटीचं होतं. ड्रॉइंगची झेरॉक्सची झेरॉक्स झालेली असते, तीनाचा आठ दिसतो. रिसेप्शनवरच्या मुलीला तीन फोन आणि समोर रांग, आणि आपण तिला 'हसतमुखानं बोला' शिकवायला निघतो.

यासाठी सर्व्हे नको. ज्या ठिकाणी चूक होते तिथे अर्धा दिवस उभे राहा. वही आणि पाण्याची बाटली घ्या, मोबाईल खिशात ठेवा. पहिला तासभर लोक जपून वागतात, मग विसरतात. अशा अर्ध्या दिवसात ट्रेनिंगच्या यादीतली निदान एक-दोन नावं कटतात, असा माझा अनुभव आहे.

पायरी २ : काम फोडून लिहून काढा

ही पायरी सगळे गाळतात, आणि पद्धत चुकते ती इथंच. 'सीएनसी ऑपरेटिंग', म्हणजे कॉम्प्युटरच्या आकड्यांवर चालणारं मशीन चालवणं, हे काही एक कौशल्य नाही. 'कस्टमर हँडलिंग' हेही नाही. ती पोती आहेत. आत काय भरलंय ते काढून बघितल्याशिवाय शिकवायचं कसं ते ठरत नाही.

एक उदाहरण जरा जवळून दाखवतो. टर्निंगचं शॉप, शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर, सूट वर-खाली दहा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शॉपमधले जुने सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे, सगळे त्यांना मामा म्हणतात. नवीन पोरं ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं तो दुरुस्तीचा आकडा, मशीनला देताना चुकतात म्हणून मामांनी चार वेळा दाखवलं, तरी चुकतातच. मी मामांना म्हटलं, "तुम्ही काय करता ते लिहून द्या." त्यांनी दोन ओळी दिल्या : जॉब मोजायचा, ऑफसेट द्यायचा.

मग मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो. मामांनी जॉब काढला, फडक्यानं पुसला, टेबलावर ठेवला, चेकशीट भरली, कालच्या मॅचवर दोन वाक्यं बोलले, आणि मग मायक्रोमीटर हातात घेतला. दुसऱ्या जॉबला तेच. तिसऱ्याला तेच. विचारलं, "मामा, लगेच का नाही मोजत?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी श्वास का घेता असं विचारलं. "गरम असतो ना तो."

पोलादाचा २५ मिलिमीटरचा व्यास वीस अंशांनी तापला तर साधारण सहा मायक्रॉननं फुगतो. दहाच्या सुटीत सहा गेले. पोरं जॉब काढल्या काढल्या मोजत होती, मोठा दिसला म्हणून ऑफसेट देत होती, आणि थंड झाल्यावर तोच जॉब बारीक निघत होता. मामांनी हे कधी सांगितलंच नव्हतं. लपवलं म्हणून नाही, आपण थांबतो हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं. हात बसलेल्या माणसाचं हे नेहमीचंच. त्याला जे सगळ्यात चांगलं येतं ते तो सांगू शकत नाही.

दुसरी गोम बटणात निघाली. वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेची भरपाई जिथे टाकतात तिथे) आधीपासून −०.०४ होते. सेटिंगच्या वेळचा जॉब २५.०६ आला, म्हणजे अजून ०.०६ उतरवायचे. पोरानं −०.०६ टाईप करून 'इनपुट' दाबलं. मशीनच्या फॅनुक कंट्रोलवर 'इनपुट' जुना आकडा पुसून नवा ठेवतं आणि '+इनपुट' जुन्यात मिळवतं. हवे होते −०.१०, राहिले −०.०६, जॉब उतरला फक्त दोन शतांशांनी. पोरगं पुन्हा मोजतं, गोंधळतं, आणि घाईत टिंबाची जागा चुकून −०.६ टाकलं की गेला जॉब.

त्यामुळे कागदावर तीन रकाने करा : काय करायचं, त्यात जपायचं काय, आणि का. 'जॉब मोज' पहिल्यात. 'पूस आणि थंड होऊ दे' दुसऱ्यात. 'गरम जॉब मोठा दाखवतो' तिसऱ्यात. दुसरा रकाना भरायला वेळ लागतो आणि खरं ट्रेनिंग तेवढंच असतं. बिलिंगचं काम असो, रक्त घेण्याचं असो की गोदामातलं, कागद हाच.

पायरी ३ : कौशल्य कुठे बसतं त्यावरून पद्धत निवडा

मी कौशल्याची विभागणी ते कुठे बसतं यावर करतो : हातात, तोंडात, नजरेत-डोक्यात, की नुसतं माहितीत. शास्त्रीय वर्गीकरणं पुष्कळ आहेत, मला हे पुरतं.

*हातातलं काम* हॉलमध्ये येत नाही. त्याला मशीनपाशी एकास एक शिकवणं लागतं, आणि त्याची पद्धत ऐंशी वर्षांपूर्वीच घोटून ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, १९४० ते १९४५, अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. कसबी कामगार सैन्यात जात होते आणि कारखान्यांत लोक येत होते ते अगदी नवखे. त्यांना झटपट तयार करायला चार टप्पे ठरवले गेले : माणसाला तयार कर, काम दाखव, त्याच्याकडून करून घे, मागे लक्ष ठेव. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली, टोयोटानं ती घट्ट धरली, आणि तिकडून फिरत ती चाकण-रांजणगावच्या लाईनींवरही आली, बहुतेकदा आपल्या मूळ नावाशिवाय.

यात 'काम दाखव' म्हणजे एकदा दाखवणं नव्हे. पहिल्या वेळी फक्त टप्पे सांगायचे. दुसऱ्या वेळी टप्पे आणि जपायच्या गोष्टी. तिसऱ्या वेळी त्यांची कारणंही. मग हात मागे बांधून उभं राहायचं आणि त्याला करू द्यायचं : आधी गप्प राहून, मग टप्पे बोलत, मग जपायच्या गोष्टी बोलत, शेवटी कारणं सांगत. मामांना हे हात मागे बांधणं सगळ्यात जड गेलं. पोरगं अडखळलं की मामांचा हात आपोआप पुढे. शेवटी त्यांना सांगितलं, दोन्ही हातांत चहाचा कप धरा.

काम धोक्याचं असेल, किंवा चुकलं तर माल जाणार असेल, तर चालू लाईनवर शिकवू नका. त्यासाठी डोजो असतो. जपानीत डोजो म्हणजे कराटे-ज्युदोच्या सरावाची जागा. मोठ्या वाहन कंपन्यांत त्यासाठी वेगळी खोली असते. लहान कारखान्यात एक टेबल, एक व्हाईस, भंगारातले पार्ट, टॉर्क रेंच आणि चांगल्या-वाईट नमुन्यांची फळी एवढ्यावर भागतं. आग विझवणंही हातातलंच काम आहे, पोस्टरनं येत नाही. ज्या फायर एक्स्टिंग्विशरची रिफिलिंगची तारीख आलीय ते आधी मैदानात न्या, पत्र्याच्या ट्रेमध्ये जाणकाराच्या देखरेखीखाली आग पेटवा आणि प्रत्येकाला पिन काढून नळी आगीच्या बुडाशी धरायला लावा, झाडू मारल्यासारखी फिरवायला लावा. रिफिलिंगचा खर्च होणारच होता.

*तोंडातलं काम* म्हणजे ग्राहकाशी बोलणं, रागावलेल्याला शांत करणं, हाताखालच्याला चूक दाखवणं. इथे 'सक्रिय श्रवणाची सात सूत्रं' दाखवून काही होत नाही. रोल प्ले लागतो, आणि आपल्याकडे तो ज्या पद्धतीनं होतो त्यानं फजितीच जास्त होते. तीस जणांसमोर दोघांना उभं करायचं, बाकीच्यांनी हसायचं. चारचौघांत चुकायला कोण तयार होईल?

तीन-तीन जणांचे गट करा. एक कर्मचारी, एक ग्राहक, एक ऐकणारा. चार-पाच मिनिटं, मग भूमिका बदलायच्या. ऐकणाऱ्याला एकच गोष्ट टिपायला सांगा, जसं की 'ग्राहकाचं वाक्य पुरं होण्याआधी हा किती वेळा बोलला'. प्रसंग मात्र गेल्या महिन्यातल्या खऱ्या तक्रारींचे घ्या. बाणेरच्या एका गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आम्ही एकाच वाक्यावर सकाळ घालवली : "तुम्ही पाचला गाडी मिळेल म्हणाला होतात." पहिल्या फेरीत सगळ्यांचं उत्तर "सर, पार्ट आला नाही" असंच होतं. ते खरं होतं, आणि ग्राहक त्यावरच भडकत होता. तिसऱ्या फेरीपर्यंत एका मुलीनं आपणहून म्हटलं, "हो, मीच म्हणाले होते. आता सातच्या आधी होणार नाही. तुम्हाला घरी कसं जायचंय?" ते वाक्य कुठल्याही पीपीटीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सगळे तेच वापरायला लागले. (पुणेरी ग्राहकाची भूमिका करायला कुणालाच शिकवावं लागलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.)

*नजरेतलं आणि डोक्यातलं काम* म्हणजे बिघाड शोधणं, माल पास की नापास ठरवणं, कुठली ऑर्डर आधी घ्यायची ते ठरवणं. याला केसेस लागतात, आणि त्या विकत आणायच्या नसतात. मेंटेनन्सच्या ब्रेकडाऊन रजिस्टरमधले दहा बिघाड काढा. प्रत्येकाचं फक्त लक्षण सांगा, उत्तर झाकून ठेवा, आणि विचारा : पहिल्यांदा काय तपासशील, आणि ते बरोबर निघालं तर पुढे काय? जुना इलेक्ट्रिशियन आणि नवा, दोघांना एकाच टेबलाशी बसवा. जुन्या सुट्या पॅनेलमध्ये मुद्दाम बिघाड करून ठेवला तर आणखी बरं.

खराडी-हिंजवडीच्या सपोर्ट टीममध्ये हेच काम 'केटी' (नॉलेज ट्रान्सफर, जुन्यानं नव्याला काम सोपवणं) नावानं चालतं. सोडून जाणारा माणूस पंधरा दिवस मीटिंगा घेतो, रेकॉर्डिंग होतं, आणि नव्याला सांगितलं जातं, "सगळं ड्राईव्हवर आहे, बघून घे." चौदा तासांचं रेकॉर्डिंग कुणी बघत नाही. त्यापेक्षा क्रम उलटा करा : दोन दिवस नव्यानं जुन्याच्या शेजारी बसून बघायचं, मग लगेच जागा बदलून नव्यानं तिकिट, म्हणजे आलेली तक्रार, सोडवायचं आणि जुन्यानं बघायचं, आणि शेवटी नव्यानं सगळं उलट समजावून सांगायचं. जुना निघून जायच्या आधी जे प्रश्न पडायला हवेत, ते या उलट सांगण्यातच पडतात.

*नुसती माहिती* असेल तर खुशाल व्याख्यान द्या. त्याला उगाच नावं ठेवू नयेत. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा बिलिंगच्या लोकांना अर्ध्या तासाचं सांगणं आणि आपल्या मालाचा एक पानी तक्ता पुरला. तिथे रोल प्ले करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. पण लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा हा असा विषय नव्हे. जागृती कार्यशाळा घेणं मालकावर बंधनकारक आहे म्हणून कलमं वाचून दाखवली जातात आणि लोक मोबाईल बघतात. तिथे धूसर प्रसंग मांडा, छोट्या गटात बोलायला लावा, आणि समितीत कोण आहे, तक्रार कुठे द्यायची हे प्रत्येकाकडून वदवून घ्या.

मोबाईलवरच्या ई-लर्निंगबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. 'पुढे, पुढे, पुढे' दाबत शेवटच्या पाच प्रश्नांवर पोहोचायचं आणि शेजाऱ्याला उत्तरं विचारायची, हे सगळ्यांनी केलंय. पण एका गोष्टीला व्हिडिओसारखं साधन नाही : क्वचित लागणारं काम. वर्षातून दोनदा बदलायचा फिल्टर, तिमाहीला काढायचा रिपोर्ट. दीड मिनिटाचा व्हिडिओ, आपल्याच मशीनवर, आपल्याच माणसाच्या आवाजात, आणि मशीनवर क्यूआर कोड. हे शिकवणं नाही, गरजेच्या क्षणी आठवण करून देणं आहे.

पायरी ४ : शिकणारा कोण आहे

लाईनवर बीड-लातूरची पोरं असतात, बिहार आणि ओडिशाची असतात, आणि एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याचा लेखी कागद, इंग्रजीत असते. ती पोरं वाचायला शिकायची वाट बघू नका. फोटो लावा, योग्य-अयोग्य शेजारी शेजारी, खाली मराठी आणि हिंदीत एकेक ओळ. कंत्राटी माणूस सहा-सात महिन्यांत जाणार असेल तर तीन महिन्यांचा कोर्स आखू नका. त्याला एकाच स्टेशनचं काम दोन दिवसांत पक्कं येईल असं बघा.

वीस वर्षं काम केलेल्या माणसाला नवख्यांसोबत बसवलंत तर तो अपमान समजतो, आणि समजणारच. त्याला नवं शिकवायचं असेल तर आधी त्याच्याकडून जुनं शिकून घ्या. मामांना ऑफसेटचा कागद तयार करायला बसवलं तेव्हा कंट्रोलची दोन नवी फंक्शन्स ते आपसूक शिकले. ट्रेनिंग म्हटलं असतं तर आले नसते.

इथे एका गोष्टीपासून सावध करतो. अमुक माणूस बघून शिकतो, तमुक ऐकून, तिसरा करून, म्हणून प्रत्येकाची चाचणी घेऊन त्याच्या शैलीनं शिकवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. चाचणीचे पैसेही घेतील. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी या दाव्यामागचे पुरावे तपासले, तेव्हा शैलीनुसार शिकवल्यानं शिकणं सुधारतं असं म्हणण्याइतका आधार त्यांना सापडला नाही. पद्धत कामावरून ठरते. मायक्रोमीटर ऐकून कुणालाच येत नाही.

'७०-२०-१०' चंही तसंच. सत्तर टक्के शिकणं कामातून, वीस इतरांकडून, दहा वर्गात, हे सूत्र १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या 'सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप'मध्ये मॅनेजर लोकांना त्यांचे अनुभव विचारून निघालं. मॅनेजरांच्या आठवणीवरचे गोल आकडे आहेत ते. कामातून जास्त शिकतो एवढं त्यातून घ्या. ट्रेनिंगचं बजेट त्या टक्क्यांत वाटू नका.

पायरी ५ : वेळ, जागा आणि हिशेब

समजा वीस जणांना दोन दिवस बाहेर न्यायचंय. वीस गुणिले सोळा, म्हणजे ३२० तास. एका तासाला कंपनीला माणूस दीडशे रुपयांना पडतो असं धरलं तर ४८,००० रुपये तिथेच गेले, ट्रेनर आणि हॉल वेगळे. बंद मशीन धरलंच नाही. तेच काम दोन सेटरनी प्रत्येकाला रोज वीस मिनिटं, असं सहा दिवस शिकवलं तर एका माणसाचे दोन तास, वीस जणांचे चाळीस. सेटरचे चाळीस धरून ऐंशी. हातातल्या कामाला हा दुसरा हिशेब स्वस्तही पडतो आणि टिकतोही.

टिकतो, कारण शिकणं तुकड्यांत विभागलं गेलं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये मांडला : बरंचसं पहिल्या दिवसातच जातं, आणि मधे अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं. कारखान्यातलं काम निरर्थक अक्षरांइतकं कोरडं नसतं, पण सलग दोन दिवसांपेक्षा रोज वीस मिनिटं बरी, हे तिथेही खरं.

जागेबद्दल एवढंच, की चाकणच्या माणसांना सेनापती बापट रस्त्यावर बोलावू नका. नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमध्येच त्यांचं निम्मं लक्ष संपतं. आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते तिथे गुरुवारी ट्रेनिंग ठेवू नका. घरची कामं, बँक, मुलाची शाळा, सगळं त्या एका दिवसावर असतं. तो दिवस घेतलात तर जे शिकवाल ते रागातच शिकलं जाईल.

बाहेरचा माणूस कधी आणावा? ज्ञान आपल्याकडे नसेलच तेव्हा. हायड्रॉलिक्स, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), नवं सॉफ्टवेअर. १९३४ पासून चालत आलेल्या मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेचे कार्यक्रम बघा, औंधच्या आयटीआयमध्ये चौकशी करा, मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या इंजिनिअरला धरा. खरेदीच्या वेळीच करारात ट्रेनिंगचे दिवस लिहून घेतलेत तर उत्तम, नंतर तेच विकत घ्यावे लागतात. बाहेरच्यानं शिकवलेलं आतल्या एकानं लगेच पुढे शिकवायचं, ही अट आधीच घाला.

आणि माणसं मुळातून घडवायची असतील तर अप्रेंटिस घ्या. कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला कंत्राटी धरून एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, चार माणसांपासून पुढे ऐच्छिक. बरेच जण हा आकडा भरतात आणि पोरांना हमाली देतात. वर्षभरानं 'चांगली माणसं मिळत नाहीत' म्हणून फोन करतात तेही तेच.

पायरी ६ : दोन माणसांवर करून बघा, मग मोजा

ठरलेली पद्धत आधी दोघांवर वापरा : एक हुशार, एक मंद. हुशार कुठल्याही पद्धतीनं शिकतो, त्याच्यावरून काही कळत नाही. दुसरा जिथे अडेल तिथे तुमच्या कागदातला दुसरा रकाना अपुरा आहे.

मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या अजून कामाला येतात : लोकांना आवडलं का, आलं का, कामावर करतात का, आणि त्यानं फरक काय पडला. आपले फीडबॅक फॉर्म पहिल्या पातळीवरच थांबतात, म्हणजे गुलाबजामवर. मी तो फॉर्मच बंद केलाय. त्याऐवजी तीन आठवड्यांनी न सांगता जाऊन बघतो. ऑफसेटच्या बाबतीत बघायची गोष्ट एकच होती : जॉब टेबलावर थांबतोय का? सात जणांपैकी पाच थांबवत होते. दोघांना विचारलं तर म्हणाले, "टार्गेट पुरं होत नाही." म्हणजे परत पायरी एक. त्यांच्या मशीनपाशी दोन जॉब मावतील असा स्टँड करून दिला, एक थंड होतोय तोवर दुसरा चालू.

चौथ्या पातळीसाठी आकडा ट्रेनिंगच्या आधीच घेऊन ठेवा. रिजेक्शन, परत आलेली बिलं, तक्रारी, जे असेल ते. नंतर आधीचा आकडा शोधायला गेलं की प्रत्येकाची आठवण वेगळी निघते.

शेवटी नोटीस बोर्डवरची स्किल मॅट्रिक्स. एका बाजूला माणसं, एका बाजूला कामं, मधे चार पाकळ्यांची वर्तुळं : शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. बहुतेक ठिकाणी ही वर्तुळं ऑडिटच्या आदल्या रात्री काळी होतात आणि मग कधीच बदलत नाहीत. प्रत्येक पाकळीत तारीख घाला आणि ज्यानं बघून पास केलं त्याची सही. सहा महिन्यांत जो त्या मशीनवर उभाच राहिला नाही, त्याची एक पाकळी कमी करा. पहिल्यांदा कमी केलीत की तो माणूस तावातावानं केबिनमध्ये येईल. येऊ द्या, आणि त्याच दुपारी त्याला मशीनवर उभं करा.